डबल ग्लास दरवाजाचं लॉक लागत नाही? लॉक बदलण्याआधी पल्ला बघा

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करतो. बाल्कनीच्या यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, दरवाजाचं हँडल वर उचलून लॉक करायला गेलं की ते अर्ध्यात अडतं. गेल्या महिन्यापासून किल्लीही फिरेनाशी झाली आहे. आणि बेडरूमच्या खिडकीचं हँडल नुसतंच गोल फिरतं. घर पुण्यात, आठव्या मजल्यावर, दरवाजा पश्चिमेला, पाच वर्षांपूर्वी बसवलेला, काच दुहेरी. ज्याने बसवला तो फोन उचलत नाही, आणि नंतर जो माणूस बघून गेला त्याने अख्खा दरवाजाच बदलायला सांगितला. दरवाजा पावसाने फुगला असेल तर दिवाळीपर्यंत थांबावं का, असंही तुम्ही विचारलं आहे.

थांबू नका. लाकडी दरवाजा पावसाळ्यात पाणी पितो, फुगतो आणि हवा कोरडी झाली की पुन्हा जागेवर येतो, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की प्रत्येक अडणाऱ्या दरवाजाला आपण तोच न्याय लावतो. यूपीव्हीसी पाणी पीत नाही. तुमच्या दरवाजात जे बिघडलं आहे ते दिवाळीत आपोआप सुधारणार नाही, उलट तोवर रोज जोर लावून हँडल उचलत राहिलात तर आज फुकटात होणारं काम उद्या खर्चाचं होईल.

माझा अंदाज असा: तुमचं लॉक अजून चांगलं आहे, पल्ला खाली बसला आहे. माझ्याकडे 'लॉक गेलंय' म्हणून येणाऱ्या दरवाजांपैकी बहुतेकांची हीच कथा असते. पण अंदाजावर सामान विकत घेऊ नये, म्हणून आधी एक तपासणी करा. पाच मिनिटं लागतात आणि हत्यार लागत नाही.

दरवाजा पूर्ण उघडा. उघड्या अवस्थेत हँडल वर उचला. पल्ल्याच्या कडेला जी लांब धातूची पट्टी दिसते, तिच्यावरचे खटके, म्हणजे तुमच्या दरवाजात जे असतील ते हूक किंवा गोल टोप्या, सरकताना दिसतील. आता किल्ली फिरवून बघा. मग सगळं परत उलटं करा. एक काळजी घ्या: खटके बाहेर असताना दरवाजा आपटू देऊ नका, वाऱ्याने आपटला तरी चौकटीवरच्या खाचा किंवा हूक मोडतात.

उघड्या दरवाजात हँडल लोण्यासारखं वर गेलं आणि किल्लीही सहज फिरली, तर लॉकमध्ये काही दोष नाही. दरवाजा बंद केल्यावर खटके समोरच्या खाचेत न शिरता तिच्या काठावर आदळतात, एवढाच अर्थ. तुमच्या किल्लीचं कोडंही इथेच सुटतं. या मल्टिपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक जागी खटके लागणाऱ्या, लॉकमध्ये हँडल पूर्ण वर गेल्याशिवाय किल्ली फिरूच नये अशी रचना असते. हँडल अर्ध्यात अडलं की किल्ली अडणारच. सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बदलून काहीही होणार नाही, तरीही अशा वेळी पहिल्यांदा सिलिंडरच बदलला जातो, कारण तो काढायला सगळ्यात सोपा.

उघड्या दरवाजातही हँडल जड जात असेल, मध्येच कटकट वाजत असेल, किंवा हँडल उचलूनही खटके जागचे हलत नसतील, तर दोष आत, गिअरबॉक्समध्ये, म्हणजे हँडलने खटके सरकवणाऱ्या यंत्रणेत आहे. हँडल वर-खाली सगळं करतं, पण सोडल्यावर लुळं पडून खाली लोंबतं, तर बहुधा स्प्रिंग गेली आहे. ती हँडलच्या पाट्याच्या आत असते किंवा गिअरबॉक्सच्या आत, दरवाजागणिक फरक.

पहिली शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

पल्ला खाली का बसतो? वजनाने. एक चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो. तुमच्या दरवाजातली काच 80 सेंटिमीटर रुंद आणि 2 मीटर उंच धरली तर 1.6 चौरस मीटर होते. साधी 5 मिलिमीटरची एकेरी काच असती तर 20 किलो. 6 आणि 6 मिलिमीटरच्या दोन काचा असल्या तर 48 किलो. वर पल्ल्याचं प्रोफाइल, म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ पट्टी, आणि त्याच्या आतलं लोखंडी पाइप वेगळं. एवढं वजन एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकतं आणि दुसऱ्या बाजूला आधार काहीच नाही. त्यामुळे लॉककडचा कोपरा हळूहळू खाली येतो. दोन-तीन मिलिमीटर पुरतात. डोळ्यांना ते दिसत नाही, खटक्यांना मात्र लगेच कळतं.

आता खरी मेख. हे वजन पेलायचं काम एकट्या प्रोफाइलचं नसतंच. काच पल्ल्यात बसवताना तिच्या कडेला प्लॅस्टिकचे छोटे तुकडे, पॅकर, ठरावीक जागी ठोकावे लागतात: एक बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, एक लॉककडच्या वरच्या कोपऱ्यात. असं केलं की काच त्या तिरक्या रेषेत ताठ उभी राहते आणि जुन्या लाकडी फाटकावर सुतार तिरकी पट्टी मारतो तिचं काम करते. पॅकर नसले, किंवा घाईत चारही बाजूंना सारखेच टाकले, तर काच चौकटीत नुसती उभी असते आणि पल्ल्याचा चौकोन हळूहळू कलतो. बाल्कनीचे दरवाजे इमारत पूर्ण व्हायच्या गडबडीत बसतात, तेव्हा हे काम हमखास निसटतं. चार-पाच वर्षांनी त्याचं बिल येतं, ते लॉकच्या नावाने.

दुसरं कारण बिजागरीचा स्क्रू सैल होणं. स्क्रू आतल्या लोखंडात घट्ट बसला असेल तर टिकतो, नुसत्या प्लॅस्टिकमध्ये बसला असेल तर आठव्या मजल्यावरच्या वाऱ्यात दरवाजा चार वेळा आपटला की ढिला होतो. तिसरं कारण चौकटच वाकलेली असणं. गवंड्याने बाजूला भरलेल्या सिमेंटचा दाब येऊन किंवा खालची टाइल बदलताना हात लागून असं होतं. या तिसऱ्या प्रकारात घरी फार काही करता येत नाही.

कुठलं कारण आहे हे ओळखायला साधी पेन्सिल घ्या. दरवाजा बंद करा आणि ज्या बाजूने पल्ला चौकटीवर टेकतो त्या बाजूने, पल्ल्याच्या कडेला लागून चौकटीवर हलकी रेघ मारा, चारही बाजूंनी. दरवाजा उघडून त्या रेघेपासून चौकटीच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. सगळीकडे सारखं असेल तर पल्ला जागेवर आहे. वरच्या बाजूला बिजागरीकडे कमी आणि लॉककडे जास्त, किंवा उलट, असं तिरकं येत असेल तर पल्ला लोंबलाय. बाजूच्या उभ्या रेघेत मध्यभागी अंतर बदलत असेल तर चौकट किंवा पल्ला धनुष्यासारखा वाकलाय. मग खटक्यांना खडू चोळून दरवाजा लावा, हँडल जाईल तेवढं वर उचला आणि चौकटीवरच्या खाचेत खडू कुठे लागला ते बघा. कुंकू, हळद असलं काही वापरू नका, पांढऱ्या प्रोफाइलवरून डाग जात नाही.

पल्ला थोडाच उतरला असेल तर बिजागरीनेच काम भागतं. बिजागरीवरची प्लॅस्टिकची टोपी काढली की आत अॅलन की, म्हणजे षटकोनी पाना, बसण्याची खाच दिसते. एक स्क्रू पल्ला वर-खाली करतो, एक आत-बाहेर किंवा डावी-उजवीकडे सरकवतो. कुठला कशासाठी हे बिजागरीच्या बनावटीवर आहे, म्हणून आधी अर्धा आटा फिरवा, दरवाजा कुठे हलला ते बघा आणि मगच पुढे जा. उचलताना सगळ्या बिजागऱ्यांवर सारखं वाटून घ्या. एकाच बिजागरीला सगळा भार दिला की ती लवकर जाते. हे करताना कोणीतरी पल्ला खालून पाचर घालून किंवा हाताने थोडा उचलून धरला तर स्क्रूवर ताण येत नाही.

चौकटीवरच्या खाचेची पट्टी सरकवून किंवा कानशीने घासून 'जमवून' देणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. पल्ला उतरतच राहणार असेल तर पुढच्या वर्षी खाच परत कमी पडते, आणि घासलेल्या धातूवरचा लेप गेला की गंज चढतो. पल्ला सरळ केल्यावर शेवटचा अर्धा मिलिमीटर जुळवायला खाच सरकवली तर हरकत नाही.

बिजागरीत जागाच उरली नसेल किंवा महिन्याभरात परत तेच झालं, तर पॅकरकडे वळावं लागतं. हे दोन माणसांचं काम आहे. काचेभोवतीच्या पट्ट्या, म्हणजे बीडिंग, आतल्या बाजूने असतील तर पातळ पटरी मधोमध घालून आधी लांब पट्टी सोडवायची. कोपऱ्यातून सुरुवात केली तर पट्टी तुटते. मग दुसऱ्याने काच धरून ठेवायची, पल्ल्याचा लॉककडचा कोपरा लाकडी पट्टीने किंचित उचलायचा आणि वर सांगितलेल्या दोन कोपऱ्यांत पॅकर सरकवायचे. पॅकरची रुंदी दोन्ही काचांना पुरेल एवढी हवी. एकच काच टेकली तर दुसरी घसरते, मधलं सील फाटतं आणि काचेच्या आत धुकं धरायला लागतं. तळाच्या खाचेत पाणी वाहून जायची छिद्रं असतात, ती पॅकरने झाकायची नाहीत. आणि काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, असेल तर तिच्या कडेला लोखंडी हत्याराचा टोला लागता कामा नये, एका क्षणात अख्खी काच चुरा होते. हातमोजे आणि चष्मा घाला. हे वाचून हात थरथरायला लागले असतील तर हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, पण त्याला 'लॉक बदला' असं सांगू नका. 'पल्ला उतरलाय, काच पॅकर लावून ताणून द्या' असं सांगा. या एका वाक्याने समोरचा माणूस जाणता आहे की नाही तेही कळतं.

पश्चिमेच्या दरवाजाबद्दल एक गोष्ट. सकाळी लॉक लागतं आणि दुपारी लागत नाही, असं होतं का बघा. पीव्हीसी उन्हाने बऱ्यापैकी वाढतं. 2 मीटर लांबीत 20 अंशांच्या फरकाला हिशोबाने 3 मिलिमीटरच्या आसपास. आतल्या लोखंडामुळे प्रत्यक्षात कमी होतं, पण बाहेरची बाजू तापलेली आणि आतली एसीने गार असेल तर पल्ला थोडा वाकतो. गडद रंगाच्या प्रोफाइलला हा त्रास जास्त. असं असेल तर बिजागरी सकाळी जुळवू नका, दुपारी चारच्या सुमाराला जुळवा.

आता समजा उघड्या दरवाजातही हँडल अडलं, म्हणजे गिअरबॉक्स गेला. तरीही दरवाजा बदलायची गरज नाही. हँडलचे आतल्या बाजूचे दोन स्क्रू काढा, दोन्ही हँडल सुटतील, मधला चौकोनी दांडा, म्हणजे स्पिंडल, ओढून काढा. किल्ली ज्या सिलिंडरमध्ये जाते तो पल्ल्याच्या कडेच्या पट्टीतून आलेल्या एका लांब स्क्रूने धरलेला असतो. तो स्क्रू काढून किल्ली उभ्या रेषेपासून किंचित वळवली की आतली जीभ सिलिंडरच्या अंगात सामावते आणि सिलिंडर बाहेर सरकतो. न वळवता ओढलात तर कितीही जोर लावा, येत नाही. मग पट्टीचे स्क्रू काढून पट्टी बाहेर.

दुकानात जाताना ही पट्टीच घेऊन जा. तिच्यावर गिअरबॉक्सच्या आसपास बनवणाऱ्याचं नाव किंवा आकडा कोरलेला असतो. तो मिळाला नाही तर ही मापं लागतात: स्पिंडलच्या मध्यापासून किल्लीच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर, आपल्याकडे 85 किंवा 92 मिलिमीटर सर्रास दिसतं, पट्टीच्या पुढच्या पृष्ठभागापासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर, पट्टीची रुंदी, स्पिंडलची जाडी. आडवं अंतर चुकलं तर लॉक खाचेत जात नाही किंवा हँडल चौकटीला घासतं. बऱ्याच लॉकमध्ये मधला गिअरबॉक्स सुटा मिळतो आणि वर-खालच्या लांब पट्ट्या जुन्याच चालतात. नाही मिळाला तर पूर्ण पट्टी घ्यावी लागते, पण मग खटक्यांच्या जागा जुन्या खाचांशी जुळतात का हे पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

आणि हे लक्षात ठेवा की पल्ला सरळ न करता नवा गिअरबॉक्स बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. आतला चौकोनी भोकाचा तुकडा बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. अडलेल्या हँडलला रोज झटका दिला की तोच तडकतो.

सिलिंडर खरंच खराब असेल, म्हणजे उघड्या दरवाजात हँडल पूर्ण वर जाऊनही किल्ली अडत असेल, तर आधी त्यात काय ओतलंय ते आठवा. आपल्याकडे अडलेल्या कुलपावर हमखास उपाय म्हणजे खोबरेल तेल. साधारण 24 अंशांखाली ते थिजतं, आणि पुण्याच्या डिसेंबरात सिलिंडरमध्ये तुपाचा गोळा होऊन बसतो, धूळ धरून. शिवणयंत्राचं तेलही शेवटी धूळच गोळा करतं. सिलिंडरमध्ये ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे, एवढंच. पट्टीवरच्या खटक्यांना मात्र वर्षातून एकदा थोडं ग्रीस चालतं. नवा सिलिंडर घ्यायचा तर त्या लांब स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं माप घ्या, उदाहरणार्थ 35 आणि 45 मिलिमीटर असं. बाहेरच्या बाजूने सिलिंडर हँडलच्या पाट्याच्या पुढे फार आला तर चोराला तो पक्कडीने धरून तोडता येतो, कारण त्या स्क्रूच्या भोकापाशीच तो सगळ्यात नाजूक असतो.

थोडक्यात तुमच्या दरवाजाचा क्रम असा ठेवा: उघड्या दरवाजात तपासणी, मग पेन्सिल आणि खडू, मग बिजागरी, गरज पडली तर पॅकर, आणि तरीही अडलं तर गिअरबॉक्स. दरवाजा बदलायची वेळ चौकट वाकली असेल, पल्ल्याचे वेल्ड केलेले कोपरे फाटले असतील किंवा बिजागरीखालचं प्रोफाइल फुटलं असेल तरच. बघून गेलेल्या माणसाने यातलं काही दाखवलं होतं का, हे आठवून बघा.

हे होईपर्यंत एक पथ्य पाळा. दरवाजा बंद असतानाच गिअरबॉक्स तुटला तर तो त्याच अवस्थेत अडकतो. बाल्कनीत कपडे वाळत घालायला कोणी गेलं की दरवाजा मागे ओढून घेऊ नका, विशेषतः घरात वयस्कर माणूस एकटं असेल तर. मधे एखादी उशी किंवा जाड चप्पल ठेवा.

राहिली खिडकी. तिचं प्रकरण सोपं आहे. हँडलच्या मुळाशी एक चपटी टोपी असते. हँडल आडवं करून ती टोपी फिरवली की खाली दोन स्क्रू दिसतात. ते काढून हँडल ओढा. मागून चौकोनी दांडा येईल, बहुतेक 7 मिलिमीटरचा. काही खिडक्यांत दांड्याऐवजी दोन दात असतात, तेव्हा विकत घेण्याआधी बघून घ्या. दांडा पुन्हा भोकात घालून पक्कडीने फिरवा. कडेच्या पट्टीवरचे खटके हलले तर पट्टी चांगली आहे, फक्त हँडल गेलंय. नवं घेताना दोन स्क्रूंमधलं अंतर, ते सहसा 43 मिलिमीटर असतं, आणि दांडा किती बाहेर येतो ते मोजा. दांडा चार-पाच मिलिमीटर आखूड निघाला तरी तो नीट पकड घेत नाही, आणि पुन्हा असंच गोल फिरायला लागतं. नवं हँडल येईपर्यंत पक्कडीनेच खिडकी लावून ठेवा, म्हणजे वाऱ्याने उघडणार नाही.

पक्कडीने फिरवूनही खटके हलले नाहीत तर पट्टी बदलावी लागेल. ती पल्ल्याच्या कडेला असते, त्यामुळे खिडकी आत उघडणारी असेल तर आरामात होतं. बाहेर उघडणारी असेल तर आठव्या मजल्यावर स्वतः करू नका. विशेषतः पल्ला ज्या स्टीलच्या सरकत्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रिक्शन स्टेवर, तोललेला असतो त्यांच्या स्क्रूंना अजिबात हात लावू नका. त्यातला एक जरी निघाला तरी पल्ल्याचं सगळं वजन उरलेल्यांवर येतं, आणि खाली सोसायटीचं पार्किंग असतं. त्या कामाला दोन माणसं, पल्ल्याला आतून बांधलेला दोर आणि खाली उभा वॉचमन, एवढी तयारी नसेल तर येणाऱ्या माणसालाही काम सुरू करू देऊ नका.